दोन घरांत एक मावशी: आमचा सुट्ट्यांचा घोळ कसा सुटला

बाळंतपणाची भरपगारी रजा (2017 पासून 26 आठवडे) संपली आणि सांगलीच्या विश्रामबागेत बाळ सांभाळायला पूर्णवेळ मावशी एकटीच्या पगारात परवडेना. समोरच्या बिल्डिंगमधल्या वहिनींचं बाळ माझ्या लेकीच्याच वयाचं. मग दोघींनी मिळून एक मावशी ठेवल्या, बाळं एकाच घरी, पगार निम्मा-निम्मा.

घोळ झाला सुट्ट्यांवरून. वहिनी कोल्हापूरला माहेरी गेल्या की म्हणायच्या, "बाळ नव्हतंच, मग पैसे कसले?" मावशींचं म्हणणं रास्त होतं, "ताई, मी रोज आलेच की ओ!"

शेवटी मावशींनाही चहाला बसवलं आणि तिघींनी ठरवलं. हजेरी धरायची ती मावशींची, मुलांची नाही. कोणी गावाला गेलं तरी आपला हिस्सा द्यायचाच. दिवाळीचा बोनस दोघींत. ज्या बाळाला ताप ते आपल्या घरी, मावशी दुसऱ्याकडे. हे कलम वहिनींच्या गळी उतरवताना माझा घसा बसला. घर दर सोमवारी बदलायचं, म्हणजे गॅस-दुधाचा हिशोबच नको.

खाणं मात्र वेगवेगळं. वाट्यांच्या बुडाला नेलपॉलिशचा ठिपका: लाल आमची, नाचणीसत्त्वाची, निळी त्यांची, मऊ वरणभाताची. वर्षाच्या आत मध कुणालाच नाही, आज्या कितीही रुसल्या तरी!

पैसे आता 1 तारखेला दोघी आपापले मावशींच्या खात्यावर टाकतो. एकमेकींकडे मागायची वेळच येत नाही.