व्हॉलीबॉल शिकताय? या चुका टाळा

मैदानावर नवीन आलेलं पोरगं पहिल्याच संध्याकाळी हात पुढे करून दाखवतं, "सर, लाल झाले." अशा वेळी मी आधी चेंडू दाबून बघतो. बऱ्याचदा सायकलच्या दुकानातून तो दगडासारखा टणक भरून आणलेला असतो. व्हॉलीबॉलला हवा लागते दर चौरस सेंटिमीटरला ०.३० ते ०.३२५ किलो, सायकलच्या ट्यूबच्या मानाने फारच थोडी. अंगठ्याने दाबल्यावर चेंडू किंचित आत गेला पाहिजे.

चेंडू ठीक असूनही दुखत असेल तर तो मनगटाच्या हाडावर लागतोय. अंडरआर्मला, म्हणजे दोन्ही हात जोडून खालून चेंडू उचलताना, तो मनगट आणि कोपर यांच्या मधल्या सपाट भागावर घ्यायचा. दुसरी खोड म्हणजे हात खांद्याच्या वर झटकणं. मग चेंडू मागे उडतो आणि कुणाला तरी शेजारच्या कौलांवर चढावं लागतं. जोराच्या सर्व्हिसला वेग आधीच असतो; कोपर सरळ ठेवून हातांचा उतार नीट धरला की पुरे. चेंडू संथ असेल तर जोर गुडघ्यातून द्यायचा.

पण मुळात चूक पायांची असते. चेंडू येईपर्यंत खांबासारखं उभं राहायचं आणि शेवटच्या क्षणी हात लांबवायचे! त्यावर माझा उपाय पोरांना अजिबात आवडत नाही: अंडरआर्म मारायचाच नाही, धावत जाऊन चेंडू पोटासमोर, दोन्ही पायांच्या मधोमध नुसता झेलायचा. पन्नास वेळा. हात जोडायचे ते पोचल्यावर. जोडलेल्या हातांनी नीट पळता येत नाही.

शूटिंगबॉल खेळून आलेल्यांचं दुखणं वेगळं. त्यांना आलेला चेंडू थेट पलीकडे मारायची सवय. ताकद दांडगी, पण इथे पहिला चेंडू बूस्टरच्या, म्हणजे स्मॅश मारणाऱ्याला चेंडू वर उचलून देणाऱ्याच्या, डोक्यावर अलगद जायला हवा.

बूस्टिंगची चूक कानाला कळते. 'थप्प' आवाज आला की चेंडू तळव्यावर पडला. तो बोटांच्या पेरांवर, कपाळाच्या वर घ्यायचा. मधेच हात काढून घेतले तर चेंडू कपाळावर आदळला पाहिजे, म्हणजे तुम्ही बरोबर खाली आहात. अंगठा सारखा दुखावत असेल तर तो चेंडूकडे रोखलेला असतो. दोन्ही अंगठ्यांची टोकं स्वतःच्या डोळ्यांकडे वळवा.

स्मॅश सगळ्यांनाच पहिल्या दिवसापासून हवा असतो. बूस्ट झाल्या झाल्या पळत सुटायचं, चेंडूच्या बरोब्बर खाली जायचं आणि वर उडी मारायची; मग हात मागे राहतो आणि चेंडू बाहेर. थांबा, चेंडू चढू द्या. उजव्या हाताने मारणाऱ्यांनी डावा-उजवा-डावा असं यायचं, शेवटची दोन पावलं झटपट. चेंडू उजव्या खांद्याच्या पुढे मिळाला पाहिजे. पावलं जुळत नसतील तर महिनाभर व्हॉलीबॉल बाजूला ठेवून टेनिसचा चेंडू तशीच उडी मारून नेटपलीकडे फेका. नेटही मोजून बांधा: पुरुषांना २.४३ मीटर, महिलांना २.२४, आणि मोजायची मध्यावर, कारण झोळ तिथेच पडतो. शाळकरी पोरांसाठी खुशाल खाली बांधा.

सर्व्हिस नेटमध्ये जाते तेव्हा दोष बहुधा उडवण्यात असतो. चेंडू उडवा आणि न मारता पडू द्या. तो मारत्या खांद्यासमोर, एक पाऊल पुढे पडला पाहिजे. आणि नेटला घासून पलीकडे गेलेली सर्व्हिस आता चालू धरतात, त्यामुळे "नेट!" म्हणून ओरडत उभे राहू नका.

राहता राहिलं बोट. ब्लॉक करताना, म्हणजे नेटजवळ हात वर करून स्मॅश अडवताना, बोट मुरगळलं की कुणीतरी जाणता पुढे येतो आणि ते ओढून 'बसवतो'. त्याला हात लावू देऊ नका. अंगठी घातली असेल तर सूज चढायच्या आत काढा, फडक्यात गुंडाळलेला बर्फ लावा, आणि बोट वाकडं दिसत असेल तर सरळ डॉक्टर गाठा.