छंदाच्या वेबसाइटवर विकिपीडियात लेख लिहिण्याआधी

मांडवीतल्या फेरीबोटींचे फोटो कुणी वर्षानुवर्षं जिवापाड जपून वेबसाइटवर ठेवले, तर त्यावर विकिपीडियात लेख हवा असं आपल्याला वाटणारच. पण तिथं भेटींचा आकडा मोजत नाहीत. त्या साइटशी संबंध नसलेल्या कुणी तिच्याविषयी सविस्तर लिहिलंय का, एवढंच बघा. बातमीत नुसता पत्ता आला, तर तो पुरत नाही. मालकाची मुलाखतही फारशी धरत नाहीत, कारण शब्द त्याचेच असतात. गूगलवर सापडलं नाही म्हणून सोडू नका. पणजीला पाटोवरच्या कृष्णदास शामा ग्रंथालयात जुनी वर्तमानपत्रं चाळा. दोन-तीन चांगले लेख मिळाले, तरच लिहायला घ्या. साइट तुमचीच असेल, तर लेख दुसऱ्याला लिहू द्या.