विनापरवाना बांधकाम असलेलं घर विकताना

विदर्भातल्या खेड्यात नमुना ८ हातात असला की घर आपलंच, असा समज पक्का आहे. तो उतारा घरटॅक्सच्या आकारणीचा. त्यावरून मालकी ठरत नाही, बांधकामाची परवानगी तर नाहीच.

आधी जागा तपासा. आबादीत, म्हणजे गावठाणात असेल तर आखीव पत्रिका (प्रॉपर्टी कार्ड) किंवा गावठाणातली घरं मोजून हक्काचा कागद देणाऱ्या स्वामित्व योजनेची सनद काढा. शेतात घर असेल तर सातबारा पाहा: अकृषक आदेश, म्हणजे जमीन शेतीशिवाय वापरायची परवानगी नसेल तर बहुतेक बँका फाईल तिथंच थांबवतात. सातबाऱ्यावर भोगवटादार वर्ग २, म्हणजे विक्रीवर सरकारी अट असलेली जमीन असेल तर विक्रीआधी जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते.

मग टेप घेऊन प्रत्येक मजला मोजा आणि मंजूर नकाशाशी ताडून पाहा. मागची पडवी अन् वरचा स्लॅब हमखास नकाशाबाहेर निघतात. बँकेचा मूल्यांकनकार सहसा मंजूर क्षेत्रच धरतो. समजा सौदा १८ लाखांचा आहे आणि मंजूर भागाचं मूल्य ११ लाख निघालं. ९० टक्के धरले तरी कर्ज ९.९० लाख, उरलेले ८.१० लाख घेणाऱ्यानं स्वतःच्या पदरचे आणायचे. सौदे मोडतात ते इथंच.

नियमित होण्याजोगा भाग असेल तर परवानाधारक अभियंत्याकडून आहे तसा नकाशा काढून अर्ज करा. शुल्क, दंड भरावा लागेल. रस्त्यावर किंवा सरकारी जागेत सरकलेली भिंत मात्र अशी सुटत नाही, ती पाडूनच मोजणी करून घ्या. इसारचिठ्ठीत विनापरवाना भाग चौरस फुटांत लिहा, आणि कर्ज नामंजूर झाल्यास इसार परत, हेही.