जुन्या लेन्सचा रंग-मुलामा मूळचा आहे का, हे कसं ओळखावं

जुनी लेन्स हातात आली की आपण आधी भिंग बघतो. बुरशी, ओरखडे, धूळ. बॅरलवरच्या, म्हणजे लेन्सच्या धातूच्या बाहेरच्या नळीवरच्या रंगाकडे सहसा नंतर लक्ष जातं, आणि संग्राहकाची फसगत नेमकी तिथे होते. लाइका या जर्मन ब्रँडची काळ्या रंगातली जुनी समिक्रॉन लेन्स रुपेरी क्रोम मुलाम्याच्या समिक्रॉनपेक्षा कितीतरी दुर्मिळ आहे, त्यामुळे साधी क्रोमची लेन्स काळी करून विकण्याचा मोह अनेकांना होतो. नवी कोरी दिसणारी लेन्स मूळ असेलच असं नाही आणि झिजलेली लेन्सही मूळ असेलच असं नाही. रंग, कडा, आकडे आणि स्क्रू हे सगळं एकाच वयाचं आहे का, हे तपासायचं. त्यासाठी मोठं करून दाखवणारं एक हातभिंग, एक छोटी विजेरी आणि थोडा धीर पुरतो.

१. आधी पुसू नका

कोरड्या मऊ ब्रशने वरची धूळ झटका, बस. अ‍ॅसिटोन किंवा स्पिरिट तर अजिबात लावू नका, कोरलेल्या आकड्यांत भरलेला जुना रंग त्याने निघून येऊ शकतो. खाचांत साठलेला मळसुद्धा पुरावाच असतो. अनेक दशकं वापरलेल्या लेन्सच्या फोकस रिंगच्या खाचा आतून लख्ख असतील, तर कोणीतरी ती खोलून साफ केली आहे किंवा नव्याने रंगवली आहे.

२. रंगाखाली कोणता धातू आहे ते पाहा

इथे सगळ्यात जास्त वेळ द्या. पितळेवर काळा रंग दिलेली लेन्स झिजली की कडांवर पिवळं पितळ दिसतं. काळं अ‍ॅनोडायझिंग केलेल्या अ‍ॅल्युमिनियमवर झिजेखाली रुपेरी धातू दिसतो. अ‍ॅनोडायझिंगमध्ये रंग धातूवरच्या ऑक्साइडच्या थरात मुरलेला असतो, म्हणून त्याचे पोपडे निघत नाहीत. जे मॉडेल कारखान्यातून अ‍ॅनोडाइज होऊन येत असे, त्यावरून रंगाची साल निघत असेल तर तो रंग नंतरचा आहे. उलट, जी लेन्स पितळेवर रंग दिलेली असायला हवी, तिच्या काळ्या रंगाखाली क्रोमची चमक दिसली तर संशय घ्या. मात्र काही उत्पादकांनी मुलाम्यावरही रंग दिला आहे. म्हणून त्याच मॉडेलच्या, त्याच काळातल्या खात्रीच्या लेन्सचे फोटो शेजारी ठेवूनच निर्णय करा.

जुनं काळं अ‍ॅनोडायझिंग उन्हाने तपकिरी किंवा जांभळट होतं. एक रिंग अशी विटलेली आणि शेजारची गडद काळी असेल, तर रिंग बदलली गेली आहे का, हे विचारायलाच हवं.

३. निकेल की क्रोम

१९३०च्या आसपासच्या लाइका लेन्सवर निकेलचा मुलामा असे, पुढे क्रोम आलं. निकेलला किंचित पिवळसर, उबदार झाक असते आणि हवेने ते मंदावतं. क्रोम थंड, निळसर दिसतं आणि तसं मंदावत नाही. मूळ क्रोम बहुधा चकाकणारं नसून मऊ, मॅट असतं. पुन्हा मुलामा देण्याआधी जुना पृष्ठभाग घासावा लागतो, त्यामुळे अशा लेन्सवर बारीक रेषा उथळ होतात आणि अक्षरांच्या कडा बोथट होतात.

सोनेरी मुलाम्याची, ‘लाइत्झ एल्मार’ (लाइत्झ ही लाइका बनवणारी कंपनी, एल्मार तिची एक लेन्स) असं नाव कोरलेली लेन्स दिसली तर जास्तच सावध राहा. अशा बहुतेक लेन्स सोव्हिएत बनावटीच्या लेन्सवर नाव कोरून तयार केलेल्या असतात. ५० मिमी एफ ३.५ एल्मारची खूण सोपी आहे: तिच्या अ‍ॅपर्चरच्या, म्हणजे उजेडाचं छिद्र लहान-मोठं करणाऱ्या पात्या पहिल्या आणि दुसऱ्या भिंगाच्या मध्ये असतात. तिच्यासारख्याच दिसणाऱ्या सोव्हिएत इंडस्टार-२२ मध्ये त्या दुसऱ्या भिंगाच्या मागे असतात. समोरून विजेरी मारून पात्या किती खोल आहेत ते पाहा.

४. आकडे आणि अक्षरं

मूळ कोरीवकामाच्या कडा धारदार असतात आणि आतला रंग सगळीकडे सारखाच जुना झालेला असतो, पांढरा असेल तर बहुधा सायीच्या रंगाकडे झुकलेला. नव्याने रंगवलेल्या लेन्सवर काळा रंग आकड्यांच्या कडेवरून आत उतरलेला दिसतो किंवा पांढरा रंग बाहेर सांडलेला असतो. अंतराचे आकडे पांढरेशुभ्र आणि अ‍ॅपर्चरचे पिवळट असतील, तर एकाच बाजूला हात लागला आहे.

सोव्हिएत लेन्सच्या क्रमांकाचे पहिले दोन आकडे बहुधा निर्मितीचं वर्ष सांगतात. ते वर्ष आणि बॅरलचा प्रकार जुळतो का, ते पडताळा.

५. झीज कुठे आहे

बोटं लागतात तिथे: फोकस रिंगच्या उंचवट्यांवर, अ‍ॅपर्चर रिंगच्या कडेला, फिल्टरच्या आट्यांपाशी, माउंटवर (लेन्स कॅमेऱ्याला जोडली जाते तिथे). खोल खाचांतही रंग गेलेला असेल किंवा ओरखडे सगळे एकाच दिशेचे असतील, तर ती झीज पॉलिश पेपरने आणलेली असण्याची शक्यता मोठी.

६. लपलेल्या जागा

स्क्रूच्या खाचेत रंग साचला आहे का? फिल्टरच्या आट्यांवर, मागच्या काठावर, दोन रिंगांच्या फटीत रंगाचा फवारा उडालेला दिसतो का? स्क्रूची डोकी ओरबाडलेली असतील तर लेन्स खोलली गेली आहे. तेवढ्याने रंग बदलल्याचं सिद्ध होत नाही, कारण तेल-ग्रीससाठीही लेन्स खोलावी लागते.

७. भिंगावरचं कोटिंग

परावर्तन रोखणारं कोटिंग जर्मन कंपनी झाइसच्या अलेक्झांडर स्माकुला यांनी १९३५ साली शोधलं, आणि सर्वसामान्य लेन्सवर ते मुख्यतः दुसऱ्या महायुद्धानंतर आलं. त्यामुळे १९३० सालच्या लेन्सवर निळसर-जांभळी झाक दिसली तर कोटिंग बहुधा नंतर केलेलं आहे. लाइत्झ स्वतःही जुन्या लेन्सवर असं काम करून देत असे. अशी लेन्स फोटो उत्तम काढते, आणि मला ती कमी प्रतीची वाटत नाही. तिला ‘पूर्ण मूळ’ म्हणून जास्त पैसे मात्र देऊ नयेत.

लेन्स दुरून विकत घेत असाल तर विक्रेत्याकडून बाजूने उजेड टाकून काढलेले फोटो मागा: आकडे जवळून, माउंट मागून, स्क्रू आणि फिल्टरचे आटे. आणि ‘रंग कधी बदलला आहे का’ हा प्रश्न लेखी विचारून त्याचं उत्तर लेन्सच्या कागदांसोबत ठेवा. पुढे ती विकाल तेव्हा घेणाऱ्यालाही तेच दाखवता येईल.