घरची मनी आणि पाहुणं पिल्लू

शेल्टरमधून फॉस्टरसाठी, म्हणजे दत्तक जाईपर्यंत सांभाळायला, मांजराचं दीड महिन्याचं पिल्लू आणलं आणि आमची मांजर मनी भडकली. फिस्कारणं, कपाटावर जाऊन बसणं, जेवणावर बहिष्कार. सासूबाई म्हणाल्या, "एकत्र सोडा, भांडून होतील गप्प." मांजरांत तसं होत नाही, पहिलीच भेट बिनसली तर डूख धरतात.

पिल्लाची सोय मागच्या बाथरूममध्ये केली. खोका, मातीचा ट्रे, पाणी. पहिले दोन आठवडे ते वेगळं ठेवायचंच होतं, कारण पॅनल्यूकोपेनिया या मांजरांच्या जीवघेण्या विषाणूजन्य आजाराची लागण झालेलं पिल्लू सुरुवातीला ठणठणीत दिसतं आणि तो विषाणू हातांवरून, कपड्यांवरूनही पसरतो. मनीची लस झाली होती, तरीही.

त्यानंतर दोघांच्या अंथरुणातल्या फडक्यांची अदलाबदल केली. मांजराची खरी ओळख वासाने होते. मग बंद दाराच्या दोन्ही बाजूंना जेवण. मनीची वाटी आधी लांब, रोज थोडी दाराकडे. फिस्कारली की पुन्हा मागे. इथे घाई अजिबात चालत नाही. शेवटी दार बोटभर उघडं आणि उकडलेल्या चिकनची लाच.

मनी त्याला अजून चाटत नाही, पण एकाच खोलीत झोपते. फॉस्टरसाठी तेवढं पुरे. पिल्लू लवकरच दत्तक जाईल. सासूबाईंना मात्र ते आता द्यायचं नाहीये.