इंजिन ऑइल: सिंथेटिक की साधं? या चुका टाळा

सर्व्हिसला गाडी दिली की मेकॅनिक विचारतो, "साधं टाकू की सिंथेटिक?" आणि आपण किमतीतला फरक ऐकून उत्तर देतो. घाई इथेच नडते. साधं म्हणजे कच्च्या तेलातून शुद्ध केलेलं मिनरल ऑइल, आणि सिंथेटिक म्हणजे रासायनिक प्रक्रियेने बनवलेलं. आधी मॅन्युअल उघडा. त्यात ऑइलची ग्रेड (जाडी सांगणारे आकडे) आणि दर्जा दोन्ही छापलेले असतात. ०डब्ल्यू-२० सांगितलं असेल तर प्रश्नच मिटला, एवढं पातळ ऑइल सिंथेटिकच घ्यावं लागतं. जुन्या इंजिनाला २०डब्ल्यू-५० चालत असेल, तर चांगलं मिनरल ऑइल वेळेवर बदलत राहणं पुरेसं आहे.

"आपल्याकडे ऊन फार, जाडच टाका" हा सल्ला नव्या इंजिनासाठी मानू नका. ग्रेडमधला शेवटचा आकडा १०० अंश सेल्सिअसला ऑइल किती जाड राहतं ते सांगतो. म्हणजे गरम इंजिनाचा हिशेब त्यात आधीच धरलेला असतो. गाडी सुरू केल्यावर जाड ऑइल वरपर्यंत पोचायला वेळ लागतो, आणि झीज जास्त होते ती नेमकी तेव्हाच.

सगळ्यात महागात पडते ती बीएस-६ (प्रदूषणाच्या नव्या नियमांतल्या) डिझेल गाड्यांमधली चूक. यांच्या सायलेन्सरच्या वाटेवर काजळी अडवणारा डीपीएफ फिल्टर असतो. त्याला कमी राखेचं, बहुधा एसीईए (युरोपातल्या कार कंपन्यांची संघटना) सी३ दर्जाचं ऑइल लागतं. दुसरं टाकलं तर राख फिल्टरमध्ये साचते. काजळी जळून जाते, राख जळत नाही. नवा फिल्टर ऑइलमध्ये वाचवलेल्या पैशांच्या कित्येक पट पडतो.

याच गाड्यांत डिपस्टिकवर (पातळी मोजायच्या पट्टीवर) ऑइल वाढलेलं दिसलं तर दुर्लक्ष करू नका. शहरातल्या छोट्या फेऱ्यांमुळे फिल्टरची सफाई अर्धवट राहते आणि काजळी जाळण्यासाठी सोडलेलं जादा डिझेल ऑइलमध्ये उतरतं. पातळी वरच्या खुणेपलीकडे गेली की ऑइल बदलायचंच, मग किलोमीटर कितीही झालेले असोत. ऑइल लवकर काळं पडणं मात्र डिझेलमध्ये नेहमीचंच.

सिंथेटिक आहे म्हणून मुदत वाढवू नका. १०,००० किलोमीटर किंवा १ वर्ष लिहिलं असेल, तर जे आधी येईल ते. उभ्या गाडीलाही वर्ष लागू होतं.

जुन्या गाडीत सिंथेटिक टाकल्यावर गळती लागली, तर बहुधा सील (सांध्यातून ऑइल गळू न देणारं रबर) आधीच कडक झालेलं असतं. साचलेला चिकटा धुऊन गेला, की ते उघडं पडतं. ऑइलला दोष न देता सील बदला.

उरलेलं ऑइल मोटरसायकलमध्ये ओतू नका. बहुतेक मोटरसायकलींचा क्लच त्याच ऑइलमध्ये बुडालेला असतो आणि कारच्या ऑइलने तो घसरू लागतो. तिथे डब्यावर जासो (जपानी मानक) एमए किंवा एमए२ लिहिलेलं हवं.