आयफेलचे फसफसते पाणी: निवडताना, भरताना आणि पिताना

जर्मनीत नव्याने राहायला आलेल्या मराठी माणसाचा पहिल्या आठवड्यातच पाण्यावरून गोंधळ उडतो. साधे पाणी समजून आणलेली बाटली उघडताच फस्स करते आणि घरात ‘हा तर सोडा निघाला’ अशी तक्रार होते. मात्र सगळेच फसफसते पाणी म्हणजे आपल्याकडचा गोटी सोडा नव्हे. त्या सोड्यात सिलिंडरमधला कार्बन डायऑक्साइड वायू दाबाने भरलेला असतो. काही झऱ्यांच्या पाण्यात तो जमिनीखालीच मुरलेला असतो. हा फरक जिभेवर नेहमी कळेलच असे नाही, पण लेबलावर तो निश्चित कळतो.

वायू येतो कुठून, हे आधी समजून घ्यावे. पश्चिम जर्मनीतील आयफेल हा ज्वालामुखींचा प्रदेश आहे आणि तिथल्या उल्मेन गावाजवळचे विवर जेमतेम ११,००० वर्षांपूर्वीचे आहे. आपल्या सह्याद्रीचा कातळही लाव्ह्याचाच, पण तो सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. आयफेलमध्ये खोल जमिनीतून कार्बन डायऑक्साइड अजूनही वर येतो, भूजलात विरघळतो आणि पाणी किंचित आम्लधर्मी होऊन वाटेतल्या खडकातील क्षार सोबत घेते. तिथल्या गेरोलस्टाइन गावाजवळचे डोलोमाइटचे, म्हणजे कॅल्शियम आणि मॅग्नेशियम असलेल्या खडकाचे, कडे म्हणजे डेव्होनियन काळातील (सुमारे ४२ ते ३६ कोटी वर्षांपूर्वीच्या) समुद्रातले प्रवाळखडक. त्या परिसरातील पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम भरपूर का असते, याचे उत्तर त्या कड्यांतच आहे.

दुकानात बाटली हातात घेतल्यावर मोठ्या अक्षरांतील नाव सोडून त्याखालची बारीक ओळ वाचावी. युरोपीय संघाच्या नियमांनुसार वायू असलेल्या खनिज पाण्याचे तीन प्रकार आहेत. ‘नाटुर्लिशेस कोलेनझॉयरेहाल्टिगेस मिनरालवासर’ असे असेल, तर बाटलीतील वायूचे प्रमाण झऱ्यात होते तेवढेच आहे. ‘मिट आयगेनर क्वेलकोलेनझॉयरे फेरझेट्स्ट’ असे असेल, तर वायू त्याच झऱ्याचा आहे, पण मुळात होता त्यापेक्षा अधिक घातला आहे. नुसते ‘मिट कोलेनझॉयरे फेरझेट्स्ट’ असेल, तर तो वायू बाहेरून आणलेला आहे. जर्मन येत नसली तरी ‘फेरझेट्स्ट’ म्हणजे ‘मिसळलेले’ हा एक शब्द लक्षात ठेवला की काम भागते. पहिल्या प्रकारातही पाणी अगदी अस्पर्श असते असे समजू नये. लोह काढून टाकण्यास आणि त्या वेळी निघून गेलेला त्याच झऱ्याचा वायू तेवढ्याच प्रमाणात परत घालण्यास नियम मुभा देतात. लोह काढले असल्यास ‘एन्टआयझेंट’ असा शब्द दिसतो.

त्यानंतर क्षारांचा तक्ता पाहावा. ज्यांना रक्तदाबामुळे मीठ कमी खाण्यास सांगितले आहे, त्यांनी सोडियमचा आकडा आधी शोधावा. लिटरमागे २० मिलिग्रॅमपेक्षा कमी सोडियम असलेले पाणी कमी सोडियमच्या आहारासाठी योग्य म्हणून विकता येते, तर २०० च्या वर ते सोडियमयुक्त धरले जाते. कॅल्शियम १५०, मॅग्नेशियम ५० आणि बायकार्बोनेट ६०० मिलिग्रॅमच्या वर असेल, तर तसा उल्लेख लेबलावर करण्याची परवानगी असते. बायकार्बोनेट म्हणजे खाण्याच्या सोड्यातही असणारा, आंबटपणा मारणारा घटक; त्याचा आकडा ध्यानात ठेवावा. स्वयंपाकघरात तोच आडवा येतो.

बाटलीऐवजी थेट झऱ्यावर जायचे असेल, तर आयफेलमधील फसफसत्या झऱ्यांना स्थानिक लोक ‘द्रेस’ म्हणतात, एवढे माहीत असावे. ‘काइन ट्रिंकवासर’ (पिण्याचे पाणी नाही) अशी पाटी असल्यास पाणी पिऊ नये, मग शेजारी कोणी कॅन भरत का उभे असेना. झऱ्याभोवतीचे दगड तांबूस दिसले, तर घाण समजून नाक मुरडू नये. पाण्यातील लोह हवेशी संयोग पावून तिथे गंजासारखे बसते. मात्र झरा खोल खड्ड्यात किंवा बंदिस्त जागी असेल, तर मुलांना त्यात वाकू देऊ नये. कार्बन डायऑक्साइड हवेपेक्षा जड असल्यामुळे तळाशी साचतो आणि त्याला ना रंग, ना वास. तिथे श्वास कोंडतो तेव्हाच तो कळतो.

पाणी भरताना बाटली तिरपी धरावी, म्हणजे धार आतल्या बाजूने घरंगळत जाते आणि वायू कमी उडतो. बाटली काठोकाठ भरून लगेच घट्ट बंद करावी आणि थंड जागी ठेवावी. थंड पाण्यात वायू अधिक टिकतो: नेहमीच्या हवेच्या दाबाखाली १० अंशांना लिटरभर पाण्यात सुमारे २.३ ग्रॅम वायू विरघळतो, २० अंशांना सुमारे १.७ ग्रॅमच. शक्यतो काचेची बाटली वापरावी, कारण प्लॅस्टिकमधून वायू हळूहळू निसटतो.

एकदा मी हौसेने दोन लिटर पाणी घरी आणले. दुसऱ्या दिवशी तळाशी विटकरी गाळ बसला होता. तरीही वरचे निवळ पाणी चहाला घेतले, तर आधण काळपट शाईसारखे झाले आणि भांड्याच्या कडेला पांढरी पुटे चढली. काळेपणा लोह आणि चहातील टॅनिन हे तुरट द्रव्य यांच्या संयोगाचा होता आणि पांढरा थर उकळल्यावर बाहेर पडलेल्या कॅल्शियमचा. तेव्हापासून झऱ्याचे पाणी त्याच दिवशी, ताजे आणि नुसतेच प्यायचे, असा घरचा नियम आहे.

लिंबाचे सरबत करायचे असेल, तर ते बाटलीतल्या, लोह काढलेल्या पाण्याचे करावे. साखर आणि मीठ आधी थोड्या साध्या पाण्यात विरघळवून घ्यावे. कोरडी साखर फसफसत्या पाण्यात टाकली की फेस ओट्यावर येतो. बायकार्बोनेट जास्त असलेले पाणी लिंबाचा आंबटपणा मारते, म्हणून एरवी एक लिंबू पुरत असेल तिथे दीड घ्यावे. फसफसते पाणी सर्वांत शेवटी, पेल्याच्या कडेने ओतावे आणि चमचा एकदाच फिरवावा.